लाल चोपडी

आमच्या घरात पुस्तकं फार नव्हती. माणदेशातल्या कोरडवाहू घरात ती असायचीही नाहीत. पाऊस पडला तर बाजरी, परतीचा आला तर शाळू, आणि दोन्ही हुकले तर मेंढरांमागं रानोमाळ. अशा संसारात पुस्तकाला जागा कुठली? तरी जी चार होती ती अजून डोळ्यांपुढं आहेत. देवाच्या वरच्या फळीवर लाल फडक्यात बांधलेलं शिवलीलामृत आणि पांडवप्रताप. खिळ्याला सुतळीनं टांगलेलं दाते पंचांग. आक्काची दादाला आणि दादाची मला आलेली शाळेची बुकं, वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली. आणि एक ‘श्यामची आई’, जिची पहिली आठ पानं कधीच गळून गेली होती. हे पुस्तक नवव्या पानापासूनच सुरू होतं असं दादा कितीतरी वर्षं समजत होता.

पुस्तक वाचायला असतं तसं ते ठेवायलाही असतं, हे आम्ही लहानपणीच शिकलो. पांडवप्रतापात मोरपीस होतं, जाळी पडलेलं पिंपळपान होतं, दवाखान्याच्या चिठ्ठ्या होत्या. आई आपले दहा-दहाचे दोन-तीन जपलेले कागद शिवलीलामृताच्या अकराव्या अध्यायात ठेवायची. घरात तो अध्याय वाचणारी ती एकटीच. तात्यांना ते ठाऊक होतं, पण त्यांनी कधी त्या पोथीला हात लावला नाही. कसर लागू नये म्हणून फडक्यात वेखंडाचा तुकडा असायचा. त्यामुळं आमच्या घरातल्या देवाला आणि पुस्तकांना एकच वास होता.

पुढं गावात रद्दीवाला येऊ लागला. तराजूत पुस्तकं टाकायचा आणि किलोवर पैसे द्यायचा. शाळेची बुकं तशीच गेली. यात्रेत भेळ घेतली की कागदावर कुणाचा तरी भूगोल निघायचा. पण एक चोपडी कधी तराजूत पडली नाही. ती फळीवर नव्हती, पेटीत नव्हती. ती चुलीशेजारच्या फडताळात, तिखटाच्या बरणीमागं असायची.

ही चोपडी मूळची आजोबांची. त्यांचं गावात मीठ-मिरचीचं बारकं दुकान होतं. लाल कापडाच्या बांधणीची, दोऱ्यानं शिवलेली, लांबट. व्यापारी लोक दिवाळीला पूजतात तसली. पुढच्या अंगाला आजोबांच्या मोडी अक्षरातली उधारी. कुणाकडं गुळाचे किती, कुणाकडं रॉकेलचे किती. आमच्यापैकी कुणाला मोडी येत नाही, म्हणून गावातल्या कितीतरी घरांची अब्रू अजून झाकलेली आहे. दुकान मोडलं तेव्हा निम्मी चोपडी कोरी राहिली होती. तीच उलटी धरून आईनं मागल्या अंगानं लिहायला सुरुवात केली. त्यामुळं आमच्या चोपडीला दोन तोंडं आहेत. एका अंगानं उघडलं की देणं-घेणं, दुसऱ्या अंगानं उघडलं की जेवण.

आई लग्न होऊन आली ती १९६६ साली. सातवी फायनल झालेली. आजीला अक्षरओळख नाही. शिकलेली सून म्हणून भावकीतल्या बायका आईला टोमणे मारायच्या. भाकरी जरा चिरली की, “पाटीवर थापतीय जणू!” आजीनं हे आठ-पंधरा दिवस ऐकून घेतलं आणि एका दुपारी ती जुनी चोपडी आईपुढं टाकली.

“सात बुकं शिकलीस म्हनं. मग ते शिकलेलं चुलीपाशी बी लागू दी की. माझ्या डोळ्यांत फूल पडाया लागलंय. मी सांगती, तू लिव.”

पहिलं लिहिलं गेलं ते वर्षाचं काळं तिखट. पण आजीचं सांगणं म्हणजे सगळं मुठीचं. धनं चार मुठी, तीळ एक मूठ, खोबरं “दिसंल तसं”, मीठ “हाताला कळतंय”. आईनं लिहायचं काय? आजीची मूठ कुणब्याच्या बाईची, नांगरणीला-खुरपणीला सरावलेली. आईची मूठ बारकी. चार मुठी लिहून ठेवलं तर पुढच्या माणसानं कुणाच्या मुठीनं घ्यायचं? आईनं त्यावर एक युक्ती काढली. आजीची मूठ उखळात पडायच्या आधी ती चिपट्यात ओतून घ्यायची, सपाट करून बघायची आणि लिहायची. आजी वैतागायची. “आगं, मसाला करतीय का खळ्यावर रास मोजतीय?” पण थांबायची. प्रत्येक मुठीला थांबायची. मला वाटतं, त्या एका दिवसात त्या दोघी सासू-सुनेच्या मैत्रिणी झाल्या असतील.

आता चिपटं म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशिरी, दोन अडशिऱ्यांची पायली. धान्य तोलत नव्हते, मापत होते. सरकारनं १९५८पासून किलोग्रॅम आणले आणि १९६२पर्यंत बाजारात तेच सक्तीचे झाले. पण कायदा बाजारापर्यंत येतो, फडताळापर्यंत यायला त्याला आणखी एक पिढी लागते. आमच्या चोपडीत १९६६ सालीही चिपटं-मापटंच आहे. आणि हे माप आकारमानाचं असल्यामुळं चिपटंभर धनं आणि चिपटंभर मीठ यांचं वजन कधी एक येत नाही. म्हणून आईच्या चोपडीवरून आज कुणी ग्रॅमचा काटा घेऊन तिखट करायला बसलं तर फसणार. आमचं ते जुनं लोखंडी चिपटं लागतंच. चोपडी आणि चिपटं ही जोडी आहे.

आईचं अक्षर शाळेतल्या कित्त्यासारखं गोल. शाईचं पेन नव्हतं तेव्हा टाकानं लिहिलेलं. कुरडयांचं पान मला पाठ आहे. गहू तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, गाळायचा, रात्रभर ठेवायचा. सकाळी वरचं निवळ पाणी हलक्या हातानं ओतून द्यायचं. खालचा चीक आधणात हिंग-मीठ घालून शिजवायचा, हाटताना गुठळी होऊ द्यायची नाही, आणि गरम आहे तोवरच सोऱ्यात भरायचा. ह्याच्या कडेला आडवं लिहिलंय, “आभाळ बघून गहू भिजवावेत.” छापील पुस्तकात साहित्य असतं, कृती असते, वेळ असतो. आभाळ नसतं.

हुलग्याच्या शेंगोळ्यांची दोन पानं आहेत, त्यांची गोष्ट पुढं येईल. येळवणीची आमटी आहे, मटकीचं कालवण आहे, भरल्या वांग्याचं वाटण आहे, सांडगे आहेत, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू आहेत. लाडवांच्या पानावर तीन तारखा आहेत. त्या आमच्या तिघांच्या जन्माच्या आहेत. आमच्या जन्माची घरातली पहिली नोंद ती. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिल्या त्या जून महिन्यातल्या तारखा वेगळ्याच.

आणि एक पान १९७२चं आहे.

तेव्हा मी अंगावर पिणारी. मला त्यातलं काहीच आठवत नाही. जे ठाऊक आहे ते लोकांच्या तोंडून आणि ह्या पानावरून. पाऊस गेलाच. आमच्या माणदेशाला दुष्काळ नवा नव्हता, पण हा सगळ्या महाराष्ट्रालाच पडला. सरकारनं कामं काढली. रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव. आई आणि तात्या दोघंही खडी फोडायला जात. कामावर सुकडी मिळायची, आणि रेशनला मिलो यायचा. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची, खाताना घशात फिरायची. शाळूची पांढरीशुभ्र भाकरी खाल्लेल्या माणसांना ते जनावराचं खाणं वाटायचं. पण पोटात आग होती.

त्या पानावर आईनं लिहिलंय: “मिलोची भाकरी. पीठ दोनदा चाळावं. उकळत्या पाण्यात उकड काढून घ्यावी, मग थापावी, म्हणजे मोडत नाही. संगं लसणाची चटणी सणसणीत करावी, म्हणजे चव कळत नाही.” खाली सुकडीचं. “सुकडी नुसती पोरांना देऊ नये, कोरडी घशात अडकते. गरम पाण्यात कालवून द्यावी.” आणि अगदी खाली: “गूळ नाही. मीठ आहे.”

मी पुढं मास्तरीण झाले. दुष्काळावरची पुस्तकं वाचली, वर्गात मुलांना रोजगार हमी योजना शिकवली. पण दिवसभर दगड फोडून आलेली तेविशीतली बाई, चिमणीच्या उजेडात टाक घेऊन बसते आणि मिलोची भाकरी मोडू नये म्हणून काय करावं हे लिहून ठेवते, ह्याला काय म्हणावं ते मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. ती कुणासाठी लिहीत होती? पुन्हा मिलो खायची पाळी येईल असं तिला वाटत होतं का? मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, “आलीच तर असावं.”

छापलेली पाकपुस्तकं मराठीत काही आजची नाहीत. ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचं. पण ती आमच्या उंबऱ्याच्या आत यायला फार वर्षं लागली. आक्काचं लग्न १९८६ साली होऊन ती सांगलीला गेली, तेव्हा तिनं कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ घेतलं. १९७०मध्ये निघालेलं हे पुस्तक तोवर घराघरांत गेलं होतं. त्यात वाटी आणि चमच्याचं माप, त्यामुळं नव्या सुनेला कुणाला विचारायची गरज नाही. आक्काची ती प्रत हळदीनं पिवळी होऊन पानं सुटली, तेव्हा तिनं दुसरी घेतली, पण पहिली टाकली नाही. आईला ते पुस्तक फार आवडायचं. आक्का माहेरपणाला आली की ती चष्मा लावून गोष्टीचं पुस्तक वाचावं तसं ते वाचायची. मधेच म्हणायची, “बाई हुशार हाय. वाटीनं मापलंय.” चिपट्यानं मोजलेल्या बाईनं वाटीनं मोजणाऱ्या बाईला दिलेली ती शाबासकी होती.

पुढं चोपडीत कालनिर्णयाच्या पाठीमागच्या पाककृती आल्या. वर्ष संपलं की आई ते पान फाडून, घडी करून आत ठेवायची. त्यातल्या निम्म्या तिनं कधी केल्या नाहीत. गावात मशरूम कुठून आणायचे? पण ठेवल्या.

वहिनी आली १९९३ला. दहावी नापास, पण हाताला चव. तिच्या माहेरची शेंगोळी आमच्यापेक्षा वेगळी. आमच्यात पीठ लसूण-तिखट घालून मळायचं आणि तशीच उकळत्या पाण्यात सोडायची. तिच्या माहेरी शेंगदाण्याचं वाटण लावून रस्सा दाट करायचे. दोन-तीन वर्षांनी चोपडीत बॉलपेनचं एक पान आलं. तिरकं, घाईचं अक्षर: “माझ्या आईची शेंगोळी.” सुनेनं सासूच्या चोपडीत आपल्या आईचं पान घालायचं, हे आमच्या भागात लहान धाडस नाही. त्या पानाच्या खाली आईच्या गोल अक्षरात एकच ओळ आहे: “ही आपल्यापेक्षा चांगली होते.”

तात्या २००४ला गेले. जमीन चार एकर, त्यातला एकच एकर विहिरीखालचा. सातबाऱ्यावर आईचं, दादाचं आणि आम्हा दोघी बहिणींची नावं लागली. पुढं २०१४च्या पावसाळ्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा अर्धी गेली. चौदा-पंधरा महिने ती अंथरुणात होती. आम्ही दोघी जात-येत होतो. आठ दिवस राहायचं, परत आपल्या संसाराला लागायचं. बाकीचे सगळे दिवस वहिनीचे होते. २०१५च्या दिवाळीच्या तोंडावर आई गेली.

वर्षश्राद्धाच्या आधीच, त्या उन्हाळ्यात, दादानं हक्कसोडपत्राचा विषय काढला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या राज्यात १९९४ला आणि देशात २००५ला कायदा बदलला आणि वडिलार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आला. पण गावाकडं रीत अशी की बहिणींनी निबंधकाच्या कचेरीत जाऊन त्या हक्कावर पाणी सोडायचं. सही करायची, फोटो काढायचा, अंगठा द्यायचा. भाऊ साडी-चोळी करतो, जेवायला घालतो. न केली तर माहेर तुटतं. दादा वाईट माणूस नाही. त्यानं मागितलं ते सगळे मागतात म्हणून.

आदल्या रात्री आम्ही दोघी माहेरी मुक्कामाला गेलो. जेवणं झाल्यावर आक्का म्हणाली, “दादा, उद्या सही करते. पण मला एक पाहिजे. आईची चोपडी.”

दादा हसला. “एवढंच व्हय? ने की. त्यात काय हाय.”

किती पटकन दिली त्यानं! घासाघीस नाही, विचार नाही. वहिनी भांडी घासत होती. तिचा हात थांबला तेवढा. मग ती उठली, पदराला हात पुसले, फडताळातून चोपडी काढली, धुतलेल्या फडक्यात गुंडाळली आणि आक्कासमोर ठेवली. वर लोखंडी चिपटंही ठेवलं. “ह्याच्याबिगर ती चालत न्हाई वन्सं,” म्हणाली आणि परत मोरीवर गेली.

त्या रात्री आम्ही दोघी सोप्यात पडल्या पडल्या चोपडी चाळत बसलो. हळदीचे डाग, तेलानं पारदर्शक झालेले कोपरे, आईचं अक्षर. आक्का रडत होती, मीही. पानं उलटत आम्ही पार शेवटाला आलो. इथवर आम्ही कधी आलोच नव्हतो. माहेरी आलेली लेक चोपडी उघडते ती आपल्या आठवणीतल्या पानांवर. शेवटी बॉलपेननं एक मथळा होता: “आत्यांचं.”

खाली तारखा. “माडगं पातळ करून गाळून. मीठ अर्धी चिमट. पाठीला दोन उशा. एक वाटी गेलं.” “आज ठसका लागला. उद्यापासून आणखी पातळ.” “ताक नको म्हणाल्या. साखरेचं पाणी.” “भाकरी दुधात कुस्करून, चार चमचे.” “आज हसल्या. शेंगोळी मागितली. रस्सा दिला.” “पुरण बोटभर चाटवलं.” अशी सात पानं. मधे दोन ठिकाणी आमचीही नोंद होती: “थोरल्या वन्सं आल्या. आज त्यांनी भरवलं. दीड वाटी.” “धाकट्या वन्सं आल्या. जास्त जेवल्या.” शेवटची नोंद: “तुळशीचं पाणी.” पुढची ओळ कोरी. आणि पान उलटलं की त्याच अक्षरात तेराव्याच्या स्वयंपाकाचा हिशोब. डाळ किती, गूळ किती, गहू किती, भांडी कुणाची आणली.

आक्कानं चोपडी मिटली. बराच वेळ काही बोलली नाही. कंदिलाचे दिवस गेलेले, डोक्यावर विजेचा दिवा होता, तरी तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता. मग म्हणाली, “ही आपली न्हाई गं. जी रांधतीया तिची हाय.”

मी म्हणाले, “मग?”

“मग आपलं जे हाय ते आपण घ्यावं.”

मला त्या वेळी तिचं बोलणं पुरतं उमगलं नाही. सकाळी उमगलं. चहाच्या वेळी तिनं चोपडी आणि चिपटं स्वतःच्या हातानं फडताळात होतं तिथं ठेवलं आणि दादाला सांगितलं, “चोपडी वहिनीची. जमिनीत आम्हा दोघींचा मिळून एक एकर ठेव. बाकीच्यावर सही करते. कायद्यानं जास्त येतं, पण राबता तुम्ही दोघं, म्हणून एकच.”

माझ्याकडं सगळ्यांनी बघितलं. मी म्हणाले, “आक्का म्हणते तसं.”

दादाचा चहा तसाच राहिला. तो एवढंच म्हणाला, “चोपडीवर समाधान होतं की तुमचं.” ह्या वाक्याचा मी पुढं फार विचार केला. बाईला माहेरून आठवण दिली की भागतं, असं आपल्याकडं धरलेलं असतं. आईची साडी, आजीची पाटली, एखादी चोपडी. जिला किंमत नाही ते “मोलाचं” म्हणून तिच्या ओटीत घालायचं, आणि ज्याला किंमत आहे त्यावर तिचा अंगठा घ्यायचा. चोपडीचं मोल खोटं होतं असं नाही. ते खरंच होतं. पण जमिनीच्या बदल्यात तोलायची वस्तू ती नव्हती, आणि ज्या बाईची ती होती तिला तर कुणी विचारलंच नव्हतं.

सातबाऱ्यावर आमची नावं राहिली. एकर आम्ही मोजून तोडून घेतला नाही. दादाच कसतो, आणि चार पायल्या शाळू दोघींना येतो. पण दोन दिवाळ्या तो भाऊबीजेला आला नाही. आम्ही गेलो तर नीट बोलला नाही. गावात लोक आम्हाला बोलले. आक्का ठाम होती. मला जड गेलं, हेही सांगते. रस्त्यानं म्हसवडच्या यात्रेला जाताना माहेरच्या फाट्यावर एसटी थांबायची आणि मी उतरायची नाही.

त्या दोन वर्षांत वहिनीचा फोन मात्र यायचा. दादा रानात गेला की. “वन्सं, डिंकाचे लाडू करताय का? मापटं नका घेऊ, पान चुकीचं हाय. खारीक जास्त लिवलीया.” असं काहीतरी. तिच्या लेकीनं, म्हणजे माझ्या भाचीनं, पुण्याहून आल्यावर मोबाइलवर चोपडीच्या सगळ्या पानांचे फोटो काढले आणि आम्हा सगळ्यांना पाठवले. मोडीतल्या उधारीचेसुद्धा. फोटोत अक्षर उलट स्पष्ट दिसतं, बोटांनी मोठं करता येतं. वास येत नाही, पण वाळवीही लागत नाही. मी एक साधी दोनशे पानी वही आणली आणि फोटोंवरून सगळं हातानं उतरवून काढलं. शाळेत मुलांना शुद्धलेखन घालणारी मी, आईच्या चुका तशाच उतरवल्या. “आंबट” ला तिनं सगळीकडं “अंबट” लिहिलंय. मीही अंबटच लिहिलं.

तिसऱ्या दिवाळीला दादा आला. सांगून आला नाही. एसटीनं आला, हातात पिशवी. ओवाळून घेतलं, जेवला, माझ्या मुलाच्या नोकरीचं विचारलं, विहिरीला पाणी किती आहे ते सांगितलं. “तुमच्या एकरात औंदा शाळू चांगला हाय,” असं म्हणाला. तुमच्या एकरात. निघताना पिशवीतून तिखटाचा डबा काढून ओट्यावर ठेवला. झाकणाला रबरानं एक चिठ्ठी लावली होती, तिरक्या घाईच्या अक्षरात:

“वन्सं, ह्या वर्षी मिरची लई तिखट लागली. म्हणून एक चिपटं कमी घातली आणि खोबरं वाढवलं. चोपडीत लिवलंय. तुमच्या वहीत पण लिवून घ्या.”

मी लिहून घेतलं, तारीख घालून.